बिळात कोण आहे ते आधी ओळखा, मग कुदळ उचला

बेळगावजवळच्या येळ्ळूर, वडगाव, अनगोळच्या भातपट्ट्यात बांधाला भोक पडलं की ते बहुतेक वेळा घुशीचं नाहीतर खेकड्याचं असतं. जांबोटी-कणकुंबीकडे रानाच्या कडेला असंच एखादं भोक साळिंदराचं निघतं. निपाणी-चिकोडीच्या उसात उंदरामागून आलेलं मुंगूस मुक्काम ठोकून असतं, तर अथणीकडच्या कोरड्या माळावर खोकडाचं कुटुंब. आत कोण आहे त्यावर पुढचं सगळं काम ठरतं. शेतातल्या उंदराला मारायला कुणाची परवानगी लागत नाही. साळिंदराच्या बिळात नुसता धूर सोडला तरी वनखात्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीचे परदेशी व्हिडिओ बघून कुणी कुत्री घेऊन बिळं उकरायला निघणार असेल तर तो विचार इथेच सोडलेला बरा. तिकडचा बॅजर आपल्याकडे नाही. त्याचा लांबचा नातेवाईक रॅटेल, म्हणजे चांदी अस्वल, कर्नाटकात अतिशय दुर्मीळ आहे आणि त्याला कायद्याचं सर्वात कडक संरक्षण आहे. आपल्या शेतकऱ्याचं खरं भांडण आहे उंदीर-घुशींशी, आणि डोंगरपट्ट्यात साळिंदराशी.

भोकावरून मालक कसा ओळखायचा

घुशीचं बीळ ओळखायची खूण भोक नव्हे, माती. शेतातली घूस (घरात, गोदामात फिरते ती मांजराएवढी नव्हे, त्यापेक्षा बरीच लहान) बिळाचं तोंड आतून भुसभुशीत मातीने बंद करून घेते. बांधावर किंवा बांधाच्या पायथ्याला ओंजळ-दोन ओंजळ ताज्या, बारीक मातीचे ढिगारे दिसतात. खुरप्याने ढीग बाजूला केला की साधारण 6 ते 10 सेंटीमीटरचं भोक उघडं पडतं.

मऊ केसांचा शेतउंदीर काळ्या रानातल्या भेगांत आणि बांधात राहतो. त्याचं भोक 4-5 सेंटीमीटरचं, उघडं, बाहेर माती थोडीच. अगदी लहान शेतउंदीर असतो, वजनाला दहा-बारा ग्रॅम, त्याचं भोक दोन बोटं जाईल एवढंच. कोरडवाहू रानात लांब, गोंडेदार शेपटीचा उंदीर असतो. त्याच्या बिळाला अनेक तोंडं, आणि एखादं तोंड जमिनीखाली वीतभर आधीच थांबलेलं. खोदायला लागलात की तो हे वरचं पातळ झाकण डोक्याने फोडून पसार होतो.

भातात सगळ्यात जास्त गफलत होते ती खेकड्याची. खेकड्याचं भोक गोल, भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत आणि ओली, बाहेर चिखलाच्या गोळ्या, आत बऱ्याचदा पाणी. त्यात विष टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, शिवाय पाट दूषित होतो तो वेगळाच. पिकावरची खूण बघितली की शंका फिटते. उंदीर-घूस भाताचं चूड जमिनीपासून चार-सहा बोटांवर तिरकं, 45 अंशात कापते आणि तुकडे तिथेच पडलेले दिसतात. खेकडा कोवळी रोपं पाण्याच्या पातळीला कुरतडतो, तेही लावणीनंतर काही दिवसच.

आता मोठी बिळं. साळिंदराच्या बिळाचं तोंड फूटभर किंवा त्याहून रुंद असतं. समोरची जमीन तुडवलेली, आसपास काटे पडलेले आणि कुरतडलेली हाडं. दात झिजवायला आणि कॅल्शियमसाठी साळिंदर हाडं गोळा करून आणतं. खवले मांजराचं बीळ गोलसर आणि सरळ आत जाणारं, कडेला नखांचे खोल ओरखडे, जवळपास फोडलेली वारुळं. त्याला पिकाशी काही देणंघेणं नाही. मुंग्या आणि वाळवी हेच त्याचं अन्न, म्हणजे उलट ते तुमच्याच कामाला आलेलं असतं. घोरपड, मुंगूस, नाग, धामण हे बहुतेक वेळा दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतात. आणि ससा बीळ करतच नाही. आपला रानससा गवतात दबून बसतो, त्यामुळे "सशाचं बीळ" म्हणून जे दाखवलं जातं ते दुसऱ्याच कुणाचं तरी असतं.

कायदा, थोडक्यात पण नीट

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2022 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. जुन्या कायद्यात उंदीर 'उपद्रवी' म्हणून पाचव्या अनुसूचीत होते. दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. शेतातले नेहमीचे उंदीर-घुशी आता संरक्षित यादीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बंदोबस्ताला अडचण नाही. साळिंदर, ससा, मुंगूस, कोल्हा, खोकड, घोरपड, खवले मांजर मात्र सगळे यादीत आहेत.

लोकांचा गैरसमज असा की जनावर मेलं तरच शिकार. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाकारणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हे सगळं येतं. खवले मांजर, घोरपड यांसारख्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. खवल्यांच्या चोरट्या व्यापारामुळे खानापूर, चंदगड, सिंधुदुर्ग या पट्ट्यात अशा प्रकरणांवर बारीक नजर असते. "खवले मांजर दाखवा, लाखभर देतो" म्हणून कुणी गावात आला तर तुम्हाला आत घालायला आलेला माणूस समजा.

खानापूर तालुक्यात 2011 मध्ये भीमगड अभयारण्य घोषित झालं. त्याच्या लगतच्या गावांनी शंका असलेल्या बिळाला हातच लावू नये. वनखात्याची मदतवाहिनी 1926 आहे.

घूस एवढी का वाढते

घुशीची गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची, एका वेतात सरासरी 6 ते 8 पिल्लं, आणि ती पिल्लं अडीच-तीन महिन्यांत स्वतः वितात. पण वर्षभर हा वेग सारखा नसतो. पोटऱ्यात आलेलं (लोंबी अजून पोटात असलेलं) आणि दाणा भरणारं पीक मिळालं की वीण जोर धरते. म्हणून भादव्यात चार घुशी दिसतात त्या सुगीला चाळीस होतात. प्रत्येक मोठ्या घुशीचं बीळ स्वतंत्र असतं, आणि भात पिकायला लागलं की ती लोंब्या कापून बिळात साठवते. एका बिळात किलोभराहून जास्त लोंब्या सापडतात.

बासमती आणि इंद्रायणीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्यात बळ्ळारी नाला पात्राबाहेर आला की पाणी शिवारात पसरतं आणि दोन-तीन दिवस बसतं. घुशी बुडून मरत नाहीत, त्या चांगल्या पोहतात. त्या रुंद बांधावर, रस्त्याच्या भरावावर, विहिरीच्या काठावर जमा होतात. पाणी ओसरल्यावर पहिल्या आठ दिवसांत त्या एकाच ठिकाणी दाटीने सापडतात. काम करायची ती उत्तम वेळ, आणि बहुतेक लोक तेव्हा फुटलेले बांध घालण्यात गुंतलेले असतात.

उसात गणित वेगळं. लोळलेला ऊस, न काढलेलं पाचट आणि खोडव्याचे (तोडलेल्या उसाच्या फुटव्यातून आलेल्या पिकाचे) दाट बुंधे यात उंदराला बारमाही घर मिळतं. भात कापलं की शेजारच्या भाताचे उंदीरही तिथेच येऊन राहतात आणि पुढच्या लावणीला परत जातात. भाताच्या मालकाने कितीही औषध घातलं तरी बांधापलीकडचा खोडवा तसाच राहिला तर महिन्याभरात बिळं पुन्हा भरतात. हे काम एकट्याचं नव्हे, शिवाराचं आहे असं आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी. वीस-पंचवीस एकराच्या सलग तुकड्यातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तरच टिकतं.

कधी करायचं

पहिली फेरी उन्हाळ्यात, वळवाच्या पावसाआधी किंवा लगेच नंतर. रानात खायला काही नसतं, त्यामुळे उंदीर आमिष नाकारत नाही. गवत नसल्यामुळे बिळं उघडी दिसतात आणि वीणही मंद असते. या वेळी मारलेली एक मादी म्हणजे सुगीतले पन्नास उंदीर कमी. दुसरी फेरी लावणीनंतर महिना-दीड महिन्याने, भात पोटऱ्यात यायच्या आधी. दाणा भरल्यावर आमिष घालण्यात अर्थ नाही. समोर ताजा दाणा असताना तुमची कणी कोण खाणार?

याच उन्हाळ्यात बांधाची रुंदी बघा. दोन-तीन फुटी जुना बांध म्हणजे घुशीला बिळासाठी तयार जागा. दीड फुटाच्या आत आणलेल्या बांधात तिला दोन-तीन फाटे काढता येत नाहीत, माती ढासळते. अर्थात बांध कोरण्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्याची उदाहरणं गावोगावी आहेत, तेव्हा शेजाऱ्याला सांगूनच फावडं लावा. गवताची गंजी जमिनीवर थेट न रचता दगडांवर फळ्या टाकून दीड-दोन फूट उंच रचली तर तिच्याखालचं घरही जातं.

आमिषाचं वेळापत्रक

औषधं मुख्यतः दोन. झिंक फॉस्फाईड ही काळपट राखाडी भुकटी, लसणासारखा वास. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन तिचा फॉस्फीन वायू होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. दुसरं ब्रोमाडिओलोन. ते रक्त गोठू देत नाही, परिणाम चार-सात दिवसांनी दिसतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी शिवारातली सगळी उघडी बिळं ओल्या मातीने बुजवा. घुशीचे ढिगारे पायाने सपाट करा. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरा. बुजवलेलं भोक उघडलं असेल, किंवा सपाट केलेल्या जागी ताजी माती वर आली असेल, तर बीळ चालू आहे. तिथे काठी रोवा. बाकीची सोडून द्या. शंभर भोकांत चालू बिळं वीस-पंचवीसच निघतात, आणि ही एक पायरी गाळल्यामुळे लोकांचं निम्म्याहून जास्त औषध रिकाम्या बिळात जातं.

त्याच संध्याकाळी बिनविषारी आमिष: 98 भाग तांदळाची कणी किंवा ज्वारीची भरड आणि 2 भाग गोडेतेल. चालू बिळाला 20 ग्रॅम, कागदाच्या पुडीत. घुशीच्या बिळात आधी खुरप्याने सैल माती काढून आतली पोकळी लागेपर्यंत जा, नाहीतर पुडी मातीतच राहते. हे दोन दिवस करा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिल्या रात्री नुसता हुंगतो, दुसऱ्या रात्री थोडं खातो, तिसऱ्या रात्री पोटभर. विष त्या तिसऱ्या रात्रीसाठी.

चौथ्या दिवशी विषारी आमिष: 96 भाग कणी, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड. एका बिळाला 10 ग्रॅम. समजा एकरात 20 चालू बिळं आहेत, तर लागतं फक्त 200 ग्रॅम आमिष: 192 ग्रॅम कणी, 4 ग्रॅम तेल, 4 ग्रॅम भुकटी. आधी कणीला तेल चोळा, मग भुकटी टाकून लाकडी काठीने हलवा. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि नाकावर फडकं बांधून. पाणी अजिबात नको. ओल लागली की वायू तिथेच सुटायला लागतो, तुमच्या नाकाला त्रास आणि औषधही निकामी. पुडी काठीने वीतभर आत सरकवून तोंडावर गवताचा सैल बोळा ठेवा, म्हणजे पक्षी चोच घालणार नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी लवकर, कावळे-घारी उतरायच्या आत, मेलेले उंदीर चिमट्याने किंवा फावड्याने गोळा करून दोन फूट खड्ड्यात पुरा. सगळी बिळं पुन्हा बुजवा. दोन दिवसांनी जी उघडतील तिथे आठ-दहा दिवस थांबून ब्रोमाडिओलोन. 0.25 टक्के भुकटी मिळते, ती 20 ग्रॅम, कणी 960 ग्रॅम, तेल 20 ग्रॅम असं एक किलो आमिष होतं, म्हणजे त्यात औषधाचं प्रमाण 0.005 टक्के. बिळाला 15 ग्रॅम.

कुठे बिघडतं

"जास्त टाकलं की लवकर मरतील" ही सर्वात महागात पडणारी समजूत. झिंक फॉस्फाईड दोन टक्क्यांच्या वर गेलं की वास आणि चव उंदराला कळते. तो थोडं कुरतडतो, आजारी पडतो, मरत नाही, आणि पुढे काही आठवडे, कधी महिने, त्या आमिषाला शिवत नाही. त्यामुळे एका हंगामात झिंक फॉस्फाईड एकदाच, नंतर ब्रोमाडिओलोन. त्याचा परिणाम उशिरा होत असल्याने उंदराला आजाराचा संबंध खाण्याशी जोडता येत नाही.

खवट तेल, किडकी भरड, पाऊस येण्याच्या रात्री ठेवलेली पुडी ही बाकीची कारणं. आणि बांधावर विष उघडं पसरणं हा तर गुन्हाच समजा. मोर, होले, चिमण्या, शेजाऱ्याच्या कोंबड्या त्यात मरतात. मोर राष्ट्रीय पक्षी आणि पहिल्या अनुसूचीतला. उंदरासाठी टाकलं होतं, हे सांगून सुटका होत नाही.

सेल्फॉससारख्या अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या सुट्या विक्रीसाठी नाहीत, प्रशिक्षित माणसांनीच वापरायच्या आहेत. घराच्या जोत्याजवळच्या बिळात टाकलेल्या गोळीचा वायू जमिनीखालून घरात शिरतो. औषध कोणतं, कुठल्या दराने मिळतं याची चौकशी होबळीच्या (तालुक्याच्या खालच्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषिखात्याच्या कार्यालयात करावी.

खोदणं आणि धूर

विष नको असेल तर खोदाई हाच जुना आणि खात्रीचा उपाय, पण कष्टाचा. चालू बिळाची बाकीची सगळी तोंडं आधी दगड-मातीने बंद करायची. मग ताज्या मातीच्या तोंडातून लवचिक ओली काठी घालून वळण कुठे जातं ते बघायचं आणि तिच्या मागे मागे कुदळ चालवायची. घुशीचं बीळ बहुधा दीड-दोन फुटांच्या आतच असतं. गवताचं घरटं लागलं की पुढे साठवणीची खोली जवळ आहे असं समजा. लोंब्या मिळाल्या तर ढोरांनाही घालू नका, माणसाने खाणं तर दूरच. त्यावर घुशीचं मूत असतं.

धूर द्यायचा तर तळाला भोक पाडलेल्या मडक्यात ओलसर पिंजर पेटवून, तोंड बिळाला लावून मागून हवा मारतात. उसाच्या किंवा वाळल्या गवताच्या जवळ हा खेळ नको.

हात बिळात घालायचा नाही, कधीच नाही. उंदराच्या बिळात नाग आणि घोणस राहायला येतात ते उंदीर खायलाच. बिळाच्या तोंडाशी माती गुळगुळीत घासलेली किंवा कात दिसली तर ते बीळ सोडा. गमबूट आणि जाड हातमोजे घाला. साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं बाजूला ठेवून हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पविषावरचा उतारा तिथे मिळतो. पावसाळ्यात घुशीच्या मुताने दूषित चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर भातात उतरू नका, आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं दिसलं तर डॉक्टरांना "भाताच्या चिखलात काम केलं" हे आवर्जून सांगा.

पक्ष्यांची मदत फुकट मिळते. एकरी आठ-दहा ठिकाणी सहा-सात फुटी काठ्यांवर आडवी फळी ठोकली की गव्हाणी घुबड रात्री त्यावर बसून रात्रीत एक-दोन उंदीर सहज उचलतं. घुबडाला अपशकुनी म्हणून हुसकावणाऱ्यांच्या रानात घुशी जास्त असतात, याचं आम्हाला नवल वाटत नाही. लोंब्या बाहेर पडायला लागल्या की काठ्या काढा, नाहीतर चिमण्या-मुनियांना बसायला जागा होते.

साळिंदराचं काय करायचं

बेळगावच्या पश्चिम भागातल्या रताळ्यांचं आणि बटाट्याचं, भुईमुगाचं, नारळाच्या रोपांचं साळिंदर फार नुकसान करतं. मारता येत नाही, पकडता येत नाही. उरतं कुंपण. साळिंदर उडी मारत नाही, चढतही नाही, ते खालून उकरतं. म्हणून उंच कुंपणाचा खर्च वाया जातो. दोन-अडीच फूट उंचीची जाड तारेची जाळी पुरते, पण तिचा फूटभर भाग जमिनीत हवा आणि तळाशी आणखी फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला आडवी वळवलेली हवी. साळिंदर कुंपणाला नाक लावून जिथे उकरायला लागतं तिथेच खाली ती लागते. कोंबडीची पातळ जाळी वापरू नका, त्याचे दात ती सहज तोडतात.

सौरकुंपण असेल तर पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी फूटभर उंचीवर. डुकरासाठी लावलेल्या वरच्या तारांचा साळिंदराला काहीच अडथळा होत नाही. खालच्या तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचं गवत काढावं लागतं. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनचा करंट थेट तारेत सोडणं हा वेगळा गुन्हा आहे. त्यात पहाटे पाणी सोडायला गेलेली माणसंही मरतात.

विष पोटात गेलंच, माणसाच्या किंवा जनावराच्या, तर उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका, पाकीट बरोबर घेऊन तातडीने दवाखाना गाठा. ब्रोमाडिओलोनवर के-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही, त्याचा डबा घरात नको, कुलपाच्या पेटीतही नको. लागेल तेवढंच आणावं आणि त्याच फेरीत संपवावं.